थेंबाबाईचा बरोबर आकडा

आमच्या कारखान्यात कुणालाही आईबापांनी ठेवलेल्या नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. नावं ठेवायचं काम आमच्या घडी खात्याकडे असे. तयार कापड तपासायचं, डाग दिसला की खडूनं खूण करायची, बाकीच्याची घडी घालायची, आणि हात चालू असताना तोंडानं अख्ख्या कारखान्याची झाडाझडती घ्यायची. मालकांच्या बायकोचा भाऊ व्यवस्थापक म्हणून आला, त्या दिवशी दुपारच्या चहाच्या आत तो आम्हा सगळ्यांचा मेहुणा झाला होता. तोंडावर ‘साहेब’, पाठ वळली की ‘मेहुणे’. पुढे पुढे त्यांच्या ड्रायव्हरच्याही तोंडून ते निसटायचं.

थेंबाबाईचं नाव मात्र मी ठेवलं. ती प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागली तेव्हा विशीचीही नव्हती. आई गेलेली, वडील असून नसल्यासारखे, आणि पाठीवर एक भाऊ. तेव्हाचे केमिस्ट म्हणजे एक चष्मा नाकावर आणि एक कपाळावर घालणारे गृहस्थ. त्यांना आम्ही ‘दोनचष्मे’ म्हणायचो. एक दिवस त्यांना नाकावरच्या चष्म्यातूनही द्रावणाचा रंग नीट दिसेना. बाई मागून म्हणाली, “सर, बास. आता पुढचा थेंब जास्त होईल.” खरंच जास्त झाला असता. त्या दिवसापासून काचेच्या उभ्या नळीची तोटी तिच्या हाती आली आणि पुढे निवृत्त होईपर्यंत सुटली नाही.

तोटी तिच्या अंगात मुरली होती. घरी चहात दूध थेंबाथेंबानं. भाजीला तेल थेंबानं. भावजय आमच्या खात्यातल्या बायकांना सांगायची, “आमच्या नणंदबाई रडल्या ना, तरी मोजून रडतील.” एक स्थळ आलं होतं म्हणे. मुलानं विचारलं, “तुम्हाला छंद काय?” ही म्हणाली, “चुका शोधायचा.” ते स्थळ जे गेलं ते आजतागायत जातंच आहे.

भावाला तिनं वाढवलं, शिकवायचा प्रयत्न केला, नाही जमलं तेव्हा कारखान्यात चिकटवलं. तो खळ काढायच्या हौदावर लागला, म्हणून तो हौदवाला. थेंबाबाई जितकी मोजून बोलायची तितका हा सांडून बोलायचा. हसला की यंत्राच्या आवाजातही तीन खात्यांना ऐकू जायचं. दिवसातून दोनदा प्रयोगशाळेत डोकावायचा आणि ओरडायचा, “ताई, आज कितीजणांना नापास केलंस?”

“तुझ्याशिवाय सगळे पास,” ती मान वर न करता म्हणायची.

आता ही खळ म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट समजायची नाही. माग चालताना सूत तुटू नये म्हणून त्याला स्टार्चची खळ देतात. कापड विणून झालं की ती खळ नकोशी होते. ती गेली नाही तर रंग आत शिरत नाही. कापड रंगून येतं ते कोड फुटल्यासारखं, इथे गडद, तिथे फिकं. ती खळ काढायला आमच्याकडे एक औषध वापरत. ब्रोमिन नावाचं लालतपकिरी, वास घेतला की डोळ्यांतून पाणी काढणारं द्रव असतं. ते थंडीत, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ठराविक रीतीनं मुरवलं की पिवळसर पाणी तयार होतं. त्याचं नाव ब्रोमाइट. कापड त्यातून काढा, पंधरा मिनिटं थांबा, धुवा, खळ गायब. गरम करायला नको, रात्रभर भिजवायला नको. पंधरा मिनिटं.

पण हे औषध मोठं नाजूक. दोनचष्मे त्याच्याविषयी बोलायला लागले की आम्ही घड्या टाकून ऐकायचो, कारण ते रसायनशास्त्र सांगताहेत की शेजाऱ्यांची भानगड, तेच कळायचं नाही.

“या ब्रोमाइटचं जे आम्ल आहे ना, ब्रोमस आम्ल,” ते सांगायचे, “ते कुणी बाटलीत भरून ठेवलेलं नाही. जन्माला येतं आणि मोडतं. त्याचं मीठ, म्हणजे हे ब्रोमाइट, ते कॉस्टिकच्या पदराखाली आणि थंडीत असेल तोवर टिकतं. ऊब लागली की घरात भांडण. भांडण झालं की वाटण्या. एक भाऊ सगळा ऑक्सिजन लाटतो, त्याचं नाव ब्रोमेट. दुसऱ्याच्या हाती भोपळा, त्याचं नाव ब्रोमाइड. आणि ब्रोमेट असा कवडीचुंबक, की कॉस्टिकच्या पाण्यात खळ त्याच्या दारात नाक घासत बसली तरी एक कण सोडायचा नाही.”

“मग कळतं कसं, वाटण्या झाल्या ते?” कुणीतरी विचारायचं.

“तिथेच तर गंमत आहे. आम्ल घालून तपासलं तर कळतच नाही. आम्ल म्हणजे घरात पोलीस. पोलीस आले की कवडीचुंबकसुद्धा सगळं काढून देतो. मोजलं तर घराण्याची मालमत्ता पहिल्याइतकीच! म्हणून आधी आम्ल न घालता तपासायचं, सोमलाच्या, म्हणजे आर्सेनिकच्या पाण्यानं. जिवंत ब्रोमाइट असेल तर ते सोमलाला खाईल. नुसता ब्रोमेट असेल तर ढुंकूनही बघणार नाही.”

म्हणून त्यांच्या काळात प्रत्येक पिंपाचे दोन आकडे निघायचे. एक सोमलाचा, एक आम्लाचा. दोन्ही सारखे आले तर पिंप हौदावर. सोमलाचा उतरला तर पिंप परत. आणि पिंपं ठेवायला मागच्या बाजूला एक थंड खोली होती, भिंतीत बूच भरलेली, उन्हाळ्यातसुद्धा आत गेलं की दात वाजायचे.

दोनचष्मे निवृत्त झाले. मालकांनी नवा केमिस्ट घेतला नाही. मेहुणे म्हणाले, “बाईंना सगळं येतं की.” येत होतंच. पगार मात्र बाटल्या धुवायचाच राहिला.

मग मेहुण्यांनी दोन सुधारणा केल्या. पहिली म्हणजे सोमलाची चाचणी बंद. “विष आहे ते. उद्या कुणी खाल्लं तर? आणि एका पिंपाला पाऊण तास? आम्लाची चाचणी पाच मिनिटांत होते, तीच करा. आकडा तर तोच येतो ना?”

“पिंप चांगलं असलं तर तोच येतो, साहेब,” थेंबाबाई म्हणाली.

“मग झालं तर!” मेहुण्यांनी सोमलाच्या कपाटाला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली. वाक्याचा पहिला अर्धा भाग त्यांच्या कानापर्यंत पोचलाच नाही.

दुसरी सुधारणा उन्हाळ्यात झाली. मेहुण्यांना उकाडा सोसायचा नाही. एक दिवस त्यांचं टेबल, खुर्ची, टेलिफोन आणि पाण्याचा जग हमालांच्या खांद्यावरून मागच्या बाजूला निघाला. थंड खोली त्यांचं ऑफिस झाली. आम्ही हसून हसून बेजार. “मेहुणे नासतील म्हणून शीतगृहात ठेवलेत,” असं मीच उठवलं. आतली पिंपं बाहेर आली आणि बॉयलरच्या भिंतीलगत, पत्र्याखाली रांगेनं उभी राहिली. त्या भिंतीला पाठ टेकली तर सदऱ्यावर घाम उमटायचा. त्याचं आम्हाला हसू आलं नाही, पण काळजीही वाटली नाही. पिंपं काय, कुठेही उभी राहतात.

महिन्याभरानं आमच्या टेबलावर कोडाचं कापड यायला लागलं.

आधी एक थान, मग चार, मग अख्खा गठ्ठा. कापडात खळ उरली आहे का ते बघायची सोपी खूण आहे: आयोडिनचा एक थेंब टाकायचा. खळ असेल तर निळं होतं. धुऊन आलेल्या प्रत्येक थानावर आम्ही थेंब टाकू लागलो आणि प्रत्येक थानावर निळा डोळा उघडायला लागला. मेहुणे चिडले. त्यांच्यापुढे दोनच गोष्टी होत्या: एक तर औषध वाईट, नाहीतर माणूस वाईट. औषधाचा रोजचा कागद त्यांच्या टेबलावर होता. कागदावर लिहिलेलं, ‘ताकद पूर्ण’. खाली थेंबाबाईची सही.

मग उरला माणूस.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना मला अजून पाणी प्यावं लागतं. त्याच्या आदल्या आठवड्यात, नुसतं बायकांना हसवायला म्हणून, मी म्हणालो होतो की हौदवाला हौदावर उभ्या उभ्या डुलक्या काढतो, कापडच त्याला धक्का मारून उठवतं. मी नक्कल पण केली होती, घोरण्यासकट. सगळे हसले. काडीचं खरं नव्हतं. तो माणूस हौदावर क्षणभर बसायचाही नाही. पण नक्कल चांगली झाली की ती पायानं चालायला लागते. ही चालत चालत थंड खोलीपर्यंत गेली.

खराब मालाच्या वहीत मेहुण्यांनी लिहिलं, ‘कारण: हौदावरील कामगाराचा निष्काळजीपणा. कामावर झोप.’ आणि हौदवाल्याला बोलावून सांगितलं, “आणखी एक गठ्ठा निळा आला, तर घरी जाऊन झोप. कायमचा.”

तो बहिणीकडे गेला. मी तेव्हा आयोडिनची बाटली भरून घ्यायला प्रयोगशाळेत उभा होतो. नेहमीसारखा ओरडत आला नाही, दारातच थांबला.

“ताई, मी झोपतो का गं?”

“कोण म्हणतं?”

“सगळेच. हसतात माझ्याकडे बघून. वहीत लिहिलंय.”

मी बाटलीचं बूच लावत होतो. ते बराच वेळ लागत नव्हतं.

थेंबाबाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. नमुन्याची बाटली उचलून उजेडात धरली. पाणी नेहमीपेक्षा फिकं होतं, जवळजवळ साधंच. “माल मरतोय बहुतेक,” ती म्हणाली.

“पण तू तर रोज पूर्ण लिहितेस.”

“आकडा पूर्ण येतो म्हणून लिहिते.” तिनं चंबूत नमुना घेतला, पोटॅशियम आयोडाइड टाकलं. काही झालं नाही. मग आम्ल ओतलं, तसं ते पाणी एका क्षणात गडद तपकिरी झालं. हौदवाल्याचे डोळे मोठे झाले.

“हे बघ!” तो म्हणाला. “कुठे मेलंय? केवढं जोरात आहे!”

“आंबट पडलं की जागं होतं,” ती म्हणाली. थोडी हसली पण. तिची थट्टा अशीच असायची, वर्षातून एकदा. “तुझ्यासारखं. सकाळी पाणी मारल्याशिवाय उठत नाही.”

तो हसला. आता त्याच्या चेहऱ्यावरचं मळभ गेलं होतं. “म्हणजे झोपलंय. मी नाही, ते झोपलंय!”

“जा आता. मला मोजू दे.”

त्या तपकिरी रंगाचा तिनं अर्थ सांगितला नाही. तो रंग आयोडिनचा होता, चंबूत चिमूटभर होता, आणि थेंबाथेंबानं तिनं तो पुन्हा पाण्यासारखा केला. आकडा आला: पूर्ण.

ती त्या दिवशी स्वस्थ बसली नाही, हे मी शपथेवर सांगेन. खळ दिलेल्या कापडाची चिंधी तिनं नमुन्यात बुडवली, आम्ल न घालता, अगदी हौदात असतं तसं. घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबली. चिंधी धुतली, आयोडिन टाकलं. निळीशार. ती चिंधी चिमट्यात धरून ती थंड खोलीकडे गेली. मी मागे मागे, कारण भांडण चुकवणं माझ्या स्वभावात नाही.

मेहुणे आत शाल पांघरून बसले होते. बाहेर पत्रे तापून कुरकुरत होते.

“साहेब, कपाटाची किल्ली हवी. सोमलाची चाचणी करते. पिंपं मेलीत.”

“कागदावर काय आलंय?”

“पूर्ण. पण तो आकडा दोन्ही मिळून आहे. जिवंत किती, मेलेलं किती, ते—”

“बाई,” मेहुणे हळूच म्हणाले, “तुमचा भाऊ आहे म्हणून तुम्ही हे करताय, हे मला समजत नाही का? पूर्ण म्हणजे पूर्ण. तुमचा आकडा खोटा आहे असं तुम्हाला म्हणायचंय?”

बावीस वर्षांत तिचा आकडा खोटा निघाला नव्हता. तेवढ्यातल्या तेवढ्यात मेहुण्यांनी कागद पुढे सरकवला. “सही राहिलीय. आणि किल्ली उद्या बघू, ती घरी आहे.”

आकडा बरोबर होता. तिनं सही केली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, “घडीवाले, उद्या पहिली चाचणी तीच करते.” जणू मी तिला काही विचारलं होतं.

ही सगळी सकाळची हकीकत. जेवणाची सुट्टी झाली, आणि दुपारी पहिला गठ्ठा निघाला. माझ्या टेबलावर आला. मी थेंब टाकला.

निळा.

मी ते थान गुंडाळून काखेत मारलं आणि हौदावर निघालो. मेहुण्यांच्या आधी त्याला कळावं, एवढंच मनात होतं. वर्षानुवर्षं बातम्या पोचवल्या, पण एखादी बातमी पोचवायचा मनापासून कंटाळा आला होता तो त्याच दिवशी.

हौदाच्या कडेला कमरेएवढा खड्डा होता. त्यात ब्रोमाइटचं पिंप उतरवून ठेवत. तिथून नळीनं औषध हौदात जाई. हौदवाला खड्ड्यात उभा होता. पिंपाचं झाकण उघडं, नळी बंद केलेली. त्याच्या हातात प्लॅस्टिकचा मग आणि पायाशी शेजारच्या खात्यातला गंधकाच्या ॲसिडचा कॅन. काठावर प्रयोगशाळेचा कागद पडला होता, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर पाना ठेवलेला.

“काय रे हे?” मी वरून ओरडलो. “निळं आलंय!”

“येणारच,” तो म्हणाला. चेहरा खुललेला. “वाचा तिथं. ताईची सही आहे. ताकद पूर्ण. माल आहे, पण झोपलाय. उन्हानं सुस्तावलाय. ताईनं सांगितलंय, आंबट पडलं की जागं होतं.”

“अरे पण तिनं चंबूत—”

त्यानं मग ओतला. पिंपातलं पाणी क्षणात तपकिरी झालं. अगदी सकाळसारखं, फक्त चंबूच्या जागी कमरेएवढं पिंप. तो मोठ्यानं हसला. ते हसणं तीन खात्यांनी ऐकलं. “बघा! उठलं! आता सांगा त्या मेहुण्याला, कोण झोपत होतं ते!” आणि त्यानं दुसरा मग ओतला, आणि तिसरा.

त्या पिंपात वाटण्या होऊन बसलेले दोन्ही भाऊ होते. ज्यानं सगळं लाटलं तो आणि ज्याच्या हाती भोपळा आला तो. त्या दोघांमध्ये आम्ल पडलं की दोघं मिळून पुन्हा पहिल्यासारखे एक होतात, म्हणजे ब्रोमिन होतात. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की पिंपाच्या तोंडातून लाल धूर आला आणि वर जाण्याऐवजी कडेवरून सांडला. धूर वर जातो हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. हा खाली गेला. दूध उतू जावं तसा पिंपाच्या अंगावरून घरंगळत त्याच्या पायांशी, गुडघ्यांशी, कमरेशी भरत गेला. त्यानं झाकण ठेवायला वाकून पाहिलं. वाकायला नको होतं.

मी आणि शेजारच्या खात्यातून धावत आलेले दोघं, अशा आम्ही तिघांनी त्याला ओढून काढला. तोंडाला ओले फडके बांधून, तरी आमचे डोळे आठ दिवस सुजले होते. त्याला नळाखाली धरलं, मोकळ्या हवेत बसवलं. खोकला खूप येत होता, पण तो बोलत होता. मेहुणे शाल काढून धावत आले, तेव्हा त्यांना म्हणाला, “साहेब, पोरीच्या परीक्षा आहेत. मला काढू नका.” अर्ध्या तासात खोकला बराच बसला. कुणीतरी म्हणालं, वाचला. मीच म्हणालो असेन.

थेंबाबाई धावत आली नाही. चालत आली. तिनं त्याचे डोळे पाहिले, ओठ पाहिले, नंतर खड्ड्यात पाहिलं. लाल धूर अजून तळाशी बसला होता. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की किल्लीची आता गरज राहिली नाही. मेलेल्या पिंपानं आपण मेलो आहोत हे सगळ्यांसमोर सिद्ध केलं होतं.

“तू कशाला घातलंस?” तिनं विचारलं.

“तूच म्हणालीस ना,” तो म्हणाला. रागानं नाही, शाळेत बाईंना उत्तर द्यावं तसं. “आणि तुझी सही होती.”

ब्रोमिन छातीत गेलं की लगेच मारत नाही, हेही मला नंतर कळलं. ते वेळ घेतं. इस्पितळात संध्याकाळपर्यंत तो बरा वाटत होता. बायकोला म्हणाला, लोकांना उगाच ताप दिला. मग छातीत पाणी भरायला लागलं. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर थोड्या वेळानं तो गेला. भावजयीनं सांगितलं, शेवटी त्याला बोलता येत नव्हतं, तर त्यानं हातानं खूण करून विचारलं. बोटांनी काहीतरी ओतल्याची खूण, मग दोन्ही पंजे उघडले, फुलावेत तसे. भावजयीला कळलं नाही. थेंबाबाईला कळलं. ती म्हणाली, “हो. झालं जागं.”

सरकारी तपासनीस आले. पातळ ओठांचे, वक्तशीर गृहस्थ. मेहुण्यांनी त्यांच्यापुढे दोन कागद ठेवले: ताकद पूर्ण असल्याचा आणि ॲसिड मिसळू नये अशा सूचनेचा. दुसऱ्यावरची शाई मला जरा ताजी वाटली. पण मी चहाडखोर माणूस, माझं कोण ऐकतो.

थेंबाबाई म्हणाली, “साहेब, मला एक चाचणी करायचीय. कपाटाला कुलूप आहे.”

तपासनिसांनी मेहुण्यांकडे पाहिलं. किल्ली मेहुण्यांच्या खिशातच होती. घरी कधी गेलीच नव्हती.

बॉयलरच्या भिंतीलगतचं एक न उघडलेलं पिंप आणलं. त्यातला नमुना, आधी आम्लानं तपासला. पाच मिनिटं. “पूर्ण,” ती म्हणाली आणि लिहिलं. मग त्याच पिंपाचा नमुना, आम्ल न घालता, सोमलानं. पाऊण तास लागला. आम्ही सगळे उभेच. तिचा हात तोटीवर होता आणि तो जरासुद्धा थरथरत नव्हता, याचीच मला भीती वाटत होती. अखेर तिनं तोटी बंद केली.

“किती?” तपासनिसांनी विचारलं.

“शून्याच्या जवळ. दोन थेंब.”

“म्हणजे तुमचा रोजचा आकडा चुकीचा होता?”

“नाही साहेब. बरोबर होता. मी बरोबर आकड्यावर सही करत होते. खळ निघेल का, हे त्या आकड्याला सांगताच येत नाही. मला ते माहीत होतं.”

तपासनिसांनी अहवालात दोन्ही गोष्टी लिहिल्या. कामगारानं सूचनेविरुद्ध ॲसिड मिसळलं. द्रावण अयोग्य साठवणुकीमुळे निकामी झालं होतं. दोन्ही खऱ्या. पहिलीमुळे मेहुणे सुटले. दुसरीमुळे पिंपं थंड खोलीत परत गेली आणि मेहुण्यांचं टेबल पत्र्याखाली आलं. त्यांना खरी शिक्षा झाली असेल तर तेवढीच, उकाड्याची.

भावजयीला काय मिळालं, काय नाही, ते मी सांगत नाही. जे मिळालं ते मोजण्यासारखं नव्हतं. थेंबाबाईनं स्वतःसाठी एकच मागितलं. खराब मालाची वही.

“ते पान उघडा,” ती मेहुण्यांना म्हणाली. “‘कामावर झोप’ खोडा.”

“बाई, आता त्यानं काय होणार?”

“खोडा.”

त्यांनी खोडलं. तिनं सांगितलं तसं वर लिहिलं: ‘द्रावण मेलेलं होतं. कामगार जागा होता.’

“सही,” ती म्हणाली.

सही झाली. तिनं शाई वाळेपर्यंत वही उघडी धरली. मग वळून माझ्याकडे आली. मला वाटलं, आता जाईल. पण ती थांबली.

“घडीवाले, ती नक्कल तुमची होती ना?”

बावीस वर्षं मी तिच्याबद्दल बोललो, तिनं माझ्याबद्दल कधी शब्द काढला नव्हता. मला वाटायचं, हिला ऐकूच येत नाही. मी मान हलवली.

“किती जणांना दाखवली होती?”

“आमच्याच खात्यात. सात-आठ जणांना.”

“त्यांनी पुढे किती जणांना?”

मी बोटांवर मोजू लागलो आणि मध्येच सोडून दिलं. ती म्हणाली, “ठीक आहे. मोजता येत नसेल तर जास्त धरायचं. जितक्यांना ते सांगितलंत, तितक्यांना हेही सांगा. सगळं. पिंपाचं, सहीचं, माझ्या थट्टेचं पण. माझी थट्टा वगळायची नाही.”

दुसऱ्या दिवशी मी घडी खात्यात सांगितलं. कुणी हसलं नाही. मला गोष्ट सांगता येत नाही असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. मग हळूहळू बाहेर सांगू लागलो. पानाच्या टपरीवर, न्हाव्याच्या खुर्चीत, दवाखान्याच्या बाकावर. कुठेही निघालो तरी शेवटी याच खड्ड्यापाशी येऊन उभा राहतो.

ती निवृत्त होईपर्यंत प्रत्येक कागदावर दोन आकडे लिहीत गेली, कुणी सांगो न सांगो. आता आम्ही दोघंही पिकलेली पानं. महिन्यातून एकदा मी तिच्याकडे जातो. चहा येतो, दूध थेंबानं. भिंतीवर भाऊ हसत असतो, फोटोतही आवाज यावा इतका. भाची इस्पितळात नर्स आहे, छातीच्या विभागात. ते तिनं का निवडलं ते आम्ही कुणी विचारत नाही.

“या महिन्यात किती?” थेंबाबाई विचारते.

“तीन. एक विम्याचा माणूस, एक नवी शेजारीण, आणि न्हावी.”

“न्हाव्याला मागच्या वेळीही सांगितलं होतंत.”

“हा त्याचा मुलगा. दुकान आता तो बघतो.”

ती जरा विचार करते. “थट्टा सांगितलीत?”

“सांगितली.”

“मग तीन धरा,” ती म्हणते, आणि उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर हलकेच फिरवते, तोटी बंद करावी तसा.